कोणते गोरेगाव, हे विचारा तरी

शोधयंत्रात नुसते ‘गोरेगाव’ टाका. बहुधा आरे कॉलनी, चित्रनगरी आणि तिथल्या फ्लॅटचे दर पुढ्यात येतील. यावर समर्थन तयार असते: हे नाव शोधणाऱ्यांतल्या बहुतेकांना मुंबईचेच गोरेगाव हवे असते, मग यंत्राचे चुकले काय? चुकले हे, की बहुतेकांना काय हवे ते मोजणे म्हणजे विचारणाऱ्याला काय हवे ते ओळखणे नव्हे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा शेतकरी धानाच्या चुकाऱ्यांची चौकशी करत असेल, तर बहुमत त्याच्या काय कामाचे?

‘पुढे गोंदिया लिहा की!’ लोक लिहितातच. पण मग समजूतदारपणाचे श्रेय यंत्राला कशाला? समजून तर शेतकऱ्याने घेतले.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गोंडस. तुमचे ठिकाण, तुमचे जुने शोध आम्हाला पाहू द्या, आम्ही मन ओळखू! नागपुरात शिकणारा मुलगा गावच्या तहसील कार्यालयाची माहिती शोधतो, तेव्हा त्याचे ठिकाण काय सांगणार? नागपूर. (पाळतीची किंमत मोजून एवढेच.)

खरी खूण त्याच्या शब्दांत असते. महाराष्ट्रात गोरेगाव नावाचा तालुका एकच, गोंदियाचा. मुंबईचे गोरेगाव बोरिवली तालुक्यात येते, रायगडचे माणगावात, हिंगोलीचे सेनगावात. ‘तहसील’ शब्द आला की प्रश्न मिटायला हवा. २०१९ मध्ये गूगलने शब्दांचे परस्परसंबंध पाहणारे ‘बर्ट’ हे तंत्र शोधात आणले, ते उत्तमच झाले. पण वाक्य कळून भागत नाही, महसुली नकाशाही ठाऊक असावा लागतो.

आणि शब्दांत खूणच नसेल तर? टपाल खात्यापुढे सारख्या नावांच्या गावांचा हाच पेच होता. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. ४४१८०१ लिहिलेले पत्र गोंदियाच्या गोरेगावला, ४०००६३ लिहिलेले मुंबईच्या. बहुतेक पत्रे मुंबईचीच, म्हणून सगळा गठ्ठा तिकडे लोटायचा, असा तोडगा खात्याने काढला नाही. कुणी म्हणेल, पिनकोडही लिहावाच लागतो. लागतो, पण सगळ्यांना, मुंबईकरालाही.

शोधयंत्रानेही तेच करावे. खूण नसेल तिथे अंदाज ठोकू नये, सगळी गोरेगावे समोर ठेवून ‘कोणते?’ असे विचारावे. त्यापायी मुंबईकराला एक टिचकी जास्त मारावी लागेल. मारू द्या.