फरशी की कढीलिंब?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरामागील परसात शहाबादी फरशी बसविण्यात आली. शहाबाद हे आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातले. त्यामुळे त्या फरशीविषयी कोणी वावगे बोललेले आपल्याकडील माणसास सहसा खपत नाही. परस स्वच्छ झाला, पावसाळ्यातील चिखल गेला, धुणे वाळत घालण्यास ऐसपैस जागा झाली. हे सर्व मान्य करूनही मला त्या फरशीविरुद्ध तक्रार करावयाची आहे. ती बसविताना न्हाणीच्या भिंतीलगतचा जुना कढीलिंब तोडला गेला, त्याच्या बुडाशी पसरलेला पुदिना गेला, आणि गवती चहाचे जे एक बेट होते तेही गवंड्याने गवत समजून उपटून टाकले. (त्यात त्याची चूक नाही, ते गवतच आहे.)

सायंकाळी आजीने त्या उघड्या कोपऱ्याकडे पाहिले आणि वडिलांना एवढेच विचारले, "आता फोडणीत काय टाकू रे? फरशी?" वडील हसून म्हणाले, "अगं आई, बाजारात भाजी घेतली की मूठभर कढीलिंब फुकट मिळतो."

वडिलांच्या या उत्तराने माझे समाधान झाले नाही. त्यांच्यासमोर बोलण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून जे बोलावयाचे होते ते येथे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, जी वस्तू पायलीने लागते ती बाजारातून आणावी. परंतु जी चिमटीने लागते ती घरी असावी. ज्वारी, तूर, कांदे परसात पिकविण्याचा हट्ट कोणी धरणार नाही. पण सांजेला आमटीसाठी कढीलिंबाची आठ पाने हवी असतील, तर त्यासाठी बाजार गाठावयाचा का? आणि जो कढीलिंब फुकट मिळतो, तो कालचा की परवाचा, त्यावर कोणते औषध फवारले, हे तो देणाऱ्या बाईलाही ठाऊक नसते. या पानांचे सारे मोल त्यांच्या वासात असते. कढीलिंबाचे पान उजेडासमोर धरून पाहावे. त्यात सुईच्या टोकाएवढे बारीक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत सुगंधी तेल साठलेले असते. पान तोडले की ते तेल हळूहळू उडून जाऊ लागते. दोन दिवसांच्या पानास रंग असतो, गुण उरत नाही. असेच ठिपके लिंबाच्या व संत्र्याच्या पानांतही दिसतात, कारण कढीलिंब त्यांच्याच कुळातला आहे. कडुलिंबाशी त्याचे नाते केवळ नावापुरते.

नावावरून आठवले. आपल्या भागात या एकाच झाडाला तीन नावांनी हाका मारतात. आपण त्यास कढीलिंब म्हणतो, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर कढीचे पातेले असते. शेजारच्या कानडी घरी तो 'करिबेवु' होतो, आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात 'करेपाक'. शास्त्रीय नावात मात्र अठराव्या शतकात तंजावरजवळच्या तरंगंबाडी येथे राहिलेल्या केनिग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची आठवण आहे. तो थोर शास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य होता. मी वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा सर्वांनी ती आवडीने ऐकली. पण त्याच दिवशी मी बाकावर मेथी, शेपू, पुदिना आणि पानओवा यांची एकेक डहाळी ठेवली, तेव्हा शेपू कोणता हे अनेकांना वास घेऊनही सांगता आले नाही. दोन-तीन भाषांत बोलणारी आम्ही मुले, आणि एका पानाचे नाव एकाही भाषेत येत नाही, याचे मला वाईट वाटले. झाड डोळ्यांसमोरून गेले की पाठोपाठ शब्दही जातो. आमचा मराठीचा वर्ग शाळेत दिवसाकाठी एक-दोन तास. उरलेली मराठी आम्ही स्वयंपाकघरातच शिकलो आहोत.

वेळ अमावास्येला शेतात जेवावयास गेलेल्यांना हे अधिक पटेल. मार्गशीर्षाच्या अमावास्येस ज्वारीच्या उभ्या पिकात पाच पांडवांची पूजा मांडतात. तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे आणि निरनिराळ्या पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवून भज्जी करतात. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून अंबील करतात, आणि तीत लसूण व कोथिंबीर वाटून घालतात. १९५६ साली जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी, औराद इकडे राहिले. परंतु अंबिलीची चव काही वाटून घेता आली नाही. ती दोन्हीकडे एकच आहे, आणि आमच्या कानडी शेजाऱ्यांच्या शेतातही तीच आहे. त्या अंबिलीत बाजारची कोमेजलेली कोथिंबीर घालून पाहा, म्हणजे माझे म्हणणे कळेल.

कोथिंबीर लावणे अगदी सोपे आहे, तरी पुष्कळ जण पहिल्याच खेपेस निराश होतात. कारण ते अख्खे धने पेरतात. एका धन्यात दोन बिया असतात. तेव्हा धने पायताणाखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. आठ-दहा दिवसांत अंकुर वर येतात, आणि सुमारे चाळीस दिवसांत खुडण्याजोगी कोथिंबीर होते. सगळे धने एकदम पेरू नयेत. दर पंधरवड्यास मूठभर पेरले म्हणजे पुरवठा तुटत नाही. चैत्र-वैशाखातील उन्हात मात्र ती लगेच फुलावर येते. तेव्हा तिला सावली द्यावी किंवा सरळ आषाढाची वाट पाहावी. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यात धने सापडले आहेत. मेलेल्या राजासही परलोकी जे लागेल असे वाटले, ते जिवंत माणसाने डब्यात पेरण्यास आळस का करावा?

पुदिन्याला तेवढेही कष्ट नाहीत. बाजारातून आणलेल्या जुडीतील दोन काड्या ओल्या मातीत खोचल्या की झाले. पुढे त्याला आवरणे हेच काम. पानओव्याची तुटलेली फांदीसुद्धा रुजते. त्याची जाड पाने डाळीच्या पिठात बुडवून तळली म्हणजे पावसाळी संध्याकाळी दुसरी भजी नको वाटतात. कढीलिंबास मात्र धीर लागतो. पहिले वर्षभर त्याची पाने ओरबाडू नयेत; शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. पुढे पाने मुबलक झाली की सावलीत वाळवून, कारळे व लसूण यांच्याबरोबर कुटून चटणी करावी. आमच्या ताटातील कढीलिंब आम्ही बोटाने कडेला सारतो आणि मग त्यात चुना विपुल असतो असे पुस्तकात वाचतो. १०० ग्रॅम पानांत ६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे. पण आमटीतील आठ पानांनी कोणाची हाडे पोलादाची होणार नाहीत, आणि कडेला सारलेल्या पानांनी तर नाहीच. चटणीत ती सबंध पोटात जातात.

माझ्या आईचा आक्षेप निराळा आहे आणि तो वडिलांच्या उत्तरापेक्षा वजनदार आहे. ती म्हणते, "वैशाखात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, घागर भरून ठेवायची मारामार, तुझ्या झाडांना कुठून घालू?" यावर मी पंधरा दिवस स्वयंपाकघरात लक्ष ठेवले. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी रोज एक मोठे भांडे भरून मोरीत जाते. चार डब्यांना तेवढे पुरते. साबण-सोड्याचे पाणी मात्र कोथिंबिरी-पुदिन्यास घालू नये. ती पाने आपण कच्ची खातो. आईने ते भांडे आता वेगळे ठेवण्यास आरंभ केला आहे. तिने माझे म्हणणे मान्य केले असे मी समजत नाही. पण भांडे वेगळे असते.

आणि कढीलिंब? तो परत आला. शेजारच्या कानडी अक्कांच्या अंगणात एक झाड आहे. ते पूर्वी आजीनेच आमच्या झाडाच्या मुळाशी फुटलेले पिल्लू काढून त्यांना दिले होते, हे मला ठाऊक नव्हते. श्रावणात अक्कांनी त्याचे एक पिल्लू मातीसकट आणून दिले. वडिलांनी स्वतः पहार घेऊन कोपऱ्यातील एक फरशी उचलली. एकच उचलली, परंतु ती उचलताना ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. आजी त्याला आठवड्यातून एकदा आंबट ताकात पाणी घालून देते.

आता आमच्या शाळेकडे वळतो. येथे अक्षर दासोह योजनेतून रोज दुपारी भोजन मिळते. जेवण झाल्यावर आम्ही सारे नळाशी ताटे विसळतो. ते पाणी कुंपणाखालून रस्त्यावर जाते आणि तेथे त्याचे डबके होते. त्याच पाण्याच्या वाटेवर कुंपणाच्या आत चार हात लांब व दोन हात रुंद जागा मोकळी पडली आहे. तेथे एक वाफा करता येईल. विसळलेल्या पाण्यातील खरकटे गाळण्यासाठी वाटेत विटांचे तुकडे व वाळू भरलेला लहानसा खड्डा लागेल; तो आमचा वर्ग खणील. सुटीच्या दिवशी पाणी कोणी घालावयाचे, याची पाळी फळ्यावर लिहिता येईल. पुदिन्याच्या काड्या आणि कढीलिंबाची दोन पिल्ले मी आणून देतो. अक्कांना विचारून ठेवले आहे. खुरपी मात्र शाळेने द्यावीत.