रेंजबाहेरचं हृदय

ताम्हिणीकडच्या एखाद्या गावात पेसमेकर बसवलेले आजोबा भेटले, की सदऱ्याची गुंडी काढून खांद्याखालचा उंचवटा दाखवतात. ‘मशीन बसवलंय.’ ते मशीन ठोके देतं तसं ठोक्यांचा हिशेबही लिहून ठेवतं, हे त्यांच्या गावी नसतं.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते फडफडू लागले, की रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली तर अंगावरून वारं जातं. पुष्कळांना आधी साधी धडधडही जाणवत नाही. दवाखान्यातला ईसीजी काही सेकंदांचा. फडफड नेमकी तेव्हाच कशाला सापडेल? यंत्र मात्र रात्रंदिवस जागं. २०१२च्या ‘असर्ट’ अभ्यासात छातीत यंत्र असलेले, रक्तदाबाचे २,५८० रुग्ण होते. त्यांच्यापैकी कुणालाही हा फडफडीचा विकार असल्याची आधी नोंद नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत दहातल्या एकाच्या यंत्रात तशी नोंद निघाली. त्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या अडीचपट.

म्हणून उठून प्रत्येकाच्या कातडीखाली रेकॉर्डर सरकवा, असं नव्हे. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासानं तेही काही जणांवर करून पाहिलं. २०२१चे निष्कर्ष सांगतात, की विकार कितीतरी जास्त सापडला. पक्षाघात म्हणावे तसे घटले नाहीत. पण जी यंत्रं आधीच बसली आहेत, ती तरी वाचाल?

वाचायला प्रोग्रामर नावाचा खास संगणक लागतो. एका कंपनीचा दुसरीच्या यंत्राला चालत नाही, आणि तो असतो पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात. घरूनच माहिती धाडणारी यंत्रं आहेत, पण त्यांना रेंज लागते. ताम्हिणीच्या वळणांत ती कधीच मागे पडलेली असते. महात्मा फुले योजनेतून पेसमेकर बसतो. पुढच्या तपासणीपायी सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज कुठल्या पॅकेजात बसतो? कंपन्यांची माणसं प्रोग्रामर घेऊन शहरातल्या रुग्णालयांत फिरतातच. महिन्यातून एक दिवस त्यांना पौडच्या ग्रामीण रुग्णालयात बोलवा. पुण्याच्या चांदणी चौकापासून तासाभराची वाट.

आणखी एक. स्वस्तातल्या एकतारी पेसमेकरची तार बहुधा खालच्या कप्प्यात असते. वरची फडफड त्याला नीट दिसतच नाही. आपलं यंत्र कोणतं, हे घरी सोडताना दिलेल्या कार्डावरून कळतं. ते कार्ड रेशनकार्डासोबत ट्रंकेच्या तळाशी असेल. काढून खिशात ठेवा.