काजू लागवड: कलम सावलीतून थेट खड्ड्यात नको

आपल्या काजू कारखान्यांना पुरेल इतकी कच्ची बी देशात पिकत नाही. दरवर्षी ती आफ्रिकेतून आणावी लागते. त्यामुळे कोकणात आणि चंदगड-आजरा पट्ट्यात नव्या लागवडीला सरकारचे पाठबळ आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतूनही काजूच्या कलमांना अनुदान मिळते. पण ते तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून येते, आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांवर ठरतात. कोरडवाहू बागेत किमान ८० टक्के आणि बागायतीत ९० टक्के झाडे जिवंत हवीत.

हिशेब करून पाहा. ७ बाय ७ मीटरवर हेक्टरी सुमारे २०० कलमे बसतात. कोरडवाहू बागेत ४० मेली तरी चालेल, एकेचाळिसावे मेले की निम्मे अनुदान अडकले. नांग्या तुम्हालाच स्वखर्चाने भराव्या लागतात.

मर झाली की आपण वाळवीला, गुरांना, पावसाच्या उघडिपीला दोष देतो. तो खोटा नाही. पण माझ्या मते बरीचशी मर रोपवाटिकेतच ठरलेली असते.

काजूचे मृदुकाष्ठ कलम कसे तयार होते ते आठवा. पाण्यात बुडणारी जड बी निवडून पिशवीत लावतात. रोप दीड-दोन महिन्यांचे झाले की त्यावर पेन्सिलीच्या जाडीची, आधीच पाने छाटून ठेवलेली काडी बांधतात. वरून प्लास्टिकची टोपी आणि शेडनेटची सावली. तीन-चार आठवड्यांत फुटवा येतो. इथपर्यंत सावली आणि दमट हवा हवीच, नाहीतर काडी जोड धरण्याआधीच सुकते.

पण या हवेत फुटलेली पाने पातळ व कोवळी असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर कमी असतो. उघड्यावर आली की ती भराभर पाणी टाकतात; पिशवीतल्या मुळांना तेवढा पुरवठा जमत नाही. जुलैच्या ढगाळ हवेत हे लक्षात येत नाही, कलम टवटवीत दिसते. मग आठ दिवसांची उघडीप पडते आणि शेंडे करपतात. उरलेली ऑक्टोबरच्या उन्हात जातात.

बांधणीपासून लागवडीपर्यंत पाच-सहा महिने जायला हवेत. मार्चअखेर बांधलेले कलम जूनमध्ये जेमतेम तीन महिन्यांचे असते. योजनेमुळे जूनमध्ये मागणी एकदम वाढते आणि नेमका हाच माल पुढे सरकवला जातो. म्हणून ‘वेंगुर्ला-४ आहे की वेंगुर्ला-७’ एवढेच विचारून थांबू नका. कधी बांधले आणि नेटबाहेर कधी काढले, हेही विचारा. पाने गडद व जाडसर, जोड पक्का आणि शेंडा कोवळा लाल नसलेले कलम घ्या. एखादी पिशवी उचलून खालून बघा. सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत गेले असेल तर उचलताना ते तुटते. आत वेटोळे घातलेले मूळ त्याहून वाईट, कारण त्याचा त्रास पुढे अनेक वर्षे राहतो.

नेटखालचीच कलमे मिळाली तर लावायची घाई करू नका. घराजवळ झाडाच्या विरळ सावलीत ठेवा, आधी फक्त सकाळचे ऊन द्या, दोन आठवड्यांत पूर्ण उन्हात आणा. पाणी थोडे कमी करा, पण सुकू देऊ नका. पिशव्या मधूनमधून जागच्या हलवा. यात पावसाचे पंधरा दिवस गेले तरी चालतील.

कृषी सहायकांनाही एक सांगणे: जुलैत खड्डे मोजण्याइतकेच मे महिन्यात रोपवाटिकेत जाऊन कलमे तपासणे उपयोगाचे आहे. योजनेचा पैसा तिथे वाचतो.

लावताना जोड जमिनीच्या वर राहील असे बघा आणि काठीचा आधार द्या. जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरू नका. तशीच राहिली तर खोडाला काचते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडते. जोडाखालचे फुटवे खुडत राहा, नाहीतर कलम मरून खुंटाचे झाड वाढते. तपासणीत ते जिवंत म्हणून मोजले जाईल, पण बी निघेल ती खुंटाची.