एका नोंदीची दुरुस्ती

पोथी उतरून घेतांना एखादें अक्षर चुकलें, तर जुने लिपिकार तें पान टाकून देत नसत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. गळलेलें अक्षर काकपदाची खूण करून समासांत घालीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच आला. एका अक्षरापायीं सारें पान पुन्हा लिहूं नये, हें शहाणपण संगणकाच्या पडद्यावरील पानास येण्यास मात्र कांहीं काळ जावा लागला.

वेबच्या पहिल्या वर्षांत नोंदींतील एक आंकडा बदलावयाचा झाला, तरी दूरच्या सर्व्हरनें सगळें पान नव्यानें रचून पाठवावें व तोंवर आपण वाट पाहावी, अशी रीत होती. १९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींत निराळी युक्ति आणिली. पान जागेवरच असतां त्यांतील जावास्क्रिप्टनें पाठीमागून सर्व्हरकडे लहानसा निरोप धाडावा, उत्तर आणावें, आणि पानाचा तेवढाच भाग बदलावा. २००४ सालीं जीमेल व २००५ सालीं गूगल मॅप्स यांनीं ती लोकांच्या अंगवळणीं पाडली. त्याच २००५ सालीं जेसी जेम्स गॅरेट यांनीं तिला ‘एजॅक्स’ हें नांव दिलें.

सर्व्हरवरील डेटाबेस म्हणजे नोंदींची वही. तींत प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक असतो. निरोपांत तो क्रमांक असला, कीं सर्व्हर नेमकी तीच नोंद गांठून ती बदलतो. सोय निःसंशय मोठी. परंतु तिच्याबरोबर एक भ्रमहि येतो. पडद्यावर दिसलें म्हणजे वहींत उतरलें, असें आपण समजतों. पुष्कळ पानें उत्तराची वाट न पाहतां नवें अक्षर आधींच दाखवितात. मध्यें संपर्क तुटला, तर पडदा एक सांगतो आणि वही दुसरें. पान हें प्रतिबिंब आहे. बिंब वहींत आहे.

याहून सूक्ष्म धोका दोन हातांचा. समजा, एका घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर ठेविला असून निरनिराळ्या शाखांतील मंडळी त्यांत भर घालतात. नागपूरच्या आत्याबाई एका भाच्याची नोंद उघडून ठेवितात. इतक्यांत पुण्याचे काका तीच नोंद उघडून तिच्यांत नुकत्याच जन्मलेल्या कन्येचें नांव घालतात व जतन करितात. मागाहून आत्याबाई पत्ता दुरुस्त करून जतन करितात. पान जर सबंध नोंद परत पाठवीत असेल, तर आत्याबाईंच्या जुन्या प्रतींत कन्येचें नांव नसल्यामुळें तें वहींतूनहि पुसलें जातें. दोघांसहि ‘जतन झालें’ असाच निरोप मिळतो. कोणी खोटें केलें नाहीं, कोणास चूक दिसली नाहीं, आणि एक मुलगी कुळाच्या वहींतून नाहींशी झाली. संगणकशास्त्रांत या दोषास ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात.

उपाय साधे आहेत. पहिला, जी बाब बदलली तेवढीच पाठवावी. याच हेतूच्या ‘पॅच’ या रीतीचा स्वतंत्र नियम २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. परंतु एकच बाब दोघांनीं बदलली, तर एवढ्यानें भागत नाहीं. म्हणून दुसरा उपाय असा, कीं प्रत्येक नोंदीस आवृत्तीचा अंक द्यावा. आत्याबाईंनीं सातवी आवृत्ति पाहिली असेल, तर वहींत अद्याप सातवीच आहे काय, हें सर्व्हरनें पाहावें. असेल तर बदल करून आठवी करावी. नसेल तर नकार द्यावा व ताजी नोंद त्यांस दाखवावी. ही तपासणी व हा बदल एकाच आज्ञेंत व्हावा. मध्यें तिसऱ्यास शिरण्यास फट नसावी. तिसरा, सर्व्हरचा होकार आल्यावांचून पानानें ‘जतन झालें’ म्हणूं नये.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं आतां अशीं पानें रचणारे चिरंजीव व कन्या आहेत. त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं क्षण वांचला याची वाहवा होईलच. परंतु एकच नोंद दोन खिडक्यांत उघडून, दोन्हींकडून बदलून, काय होतें तें एकदां अवश्य पाहावें. आणि वापरणारांनींहि नकाराचा निरोप आल्यास चिडूं नये. दुसऱ्या कोणाचें लिहिलेलें त्यानें वांचविलेलें असतें.