वणव्याच्या दिवसांत मुक्काम कोठे?

परीक्षा संपल्या, ईस्टर साजरा झाला, की आमच्या तरुण मंडळांना डोंगर खुणावू लागतात. पाठीवर पिशवी, सोबत तंबू आणि एक रात्र उघड्या आकाशाखाली! ही ओढ निरोगी आहे. हातातल्या पडद्यात बुडालेली मुले एक रात्र चांदण्यात काढू पाहतात, याचा आम्हांला आनंदच वाटतो. तेव्हा प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे, की आमचा वाद सहलीशी नाही. आमचा वाद आहे तो मुक्कामाचे ठिकाण निवडण्याच्या पद्धतीशी.

आज ठिकाण कसे निवडले जाते? कुणीतरी एक छायाचित्र पाहिलेले असते. हिरवेगार पठार, कड्यापलीकडे मावळणारा सूर्य, गवतात उभे असलेले रंगीत तंबू. ते छायाचित्र सप्टेंबरातले असते आणि सहल निघते एप्रिलात! ज्या गवताने छायाचित्रात डोळे निवतात, तेच गवत एव्हाना कडकडीत वाळून कमरेपर्यंत उभे असते. एका ठिणगीची काय ती वाट. पालक जेवणाची चौकशी करतात, परतीची वेळ विचारतात, मुलींच्या वेगळ्या व्यवस्थेची खात्री करून घेतात. रात्री डोंगर पेटला तर उतरायचे कोणत्या बाजूने, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

‘वणवे परदेशात लागतात, आपल्या सह्याद्रीत कुठले?’ असे म्हणणारे आम्हांला भेटतात. त्यांनी फेब्रुवारीनंतर एखाद्या रात्री डोंगराकडे पाहावे. अंधारात तांबडी रेघ सरकताना दिसेल. महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते आणि त्यासाठी आधीपासून जाळरेषा काढून ठेवते, ते काय हौसेखातर? मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या अभयारण्यात व आसपासच्या रानांत आगी लागल्या, तेव्हा हवाई दलाच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी ओतावे लागले. ज्या गोव्याचे पावसाळी हिरवेपण आपण वाखाणतो, त्याच गोव्याची ही गोष्ट.

त्याहून दारुण घटना ११ मार्च २०१८ ची. तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली तीसहून अधिक माणसे रविवारी दुपारी उतरत असताना वणव्यात सापडली. त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. उंच वाळलेले गवत, तीव्र उतार आणि वारा! पळायचे कोठे, हेच कळेना. काही जागच्या जागी गेली, काही पुढे इस्पितळात भाजल्या जखमांनी. एकूण तेवीस जीव गेले. ती माणसे बेफिकीर होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. तुमच्या-आमच्या घरांतल्यासारखीच, आठवड्याची सुटी साधून डोंगर पाहायला निघालेली ती मुले होती. धडा त्यांच्या स्वभावातून नव्हे, तर त्या ऋतूतून आणि त्या उतारातून घ्यायचा आहे. तामिळनाडूने तो घेतला. त्याच वर्षी पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम झाले आणि २०२५ मध्ये तेथील शासकीय पदभ्रमणाच्या वाटा १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल या काळात बंद ठेवण्यात आल्या. आम्ही मात्र अजून छायाचित्रेच पाहत आहोत!

आग डोंगरावर कशी वागते, हे शिबिरार्थींना शिकवले जात नाही. सपाटीपेक्षा चढावर ती वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. उताराचा कोन दहा अंशांनी वाढला, की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या वेगाशी चढावर धावून माणूस जिंकत नाही. दोन सोंडांमधली नाळ धुराड्यासारखी आग वर ओढून घेते. रात्री वारा उताराने खाली वाहू लागला, की आग मंदावते खरी, पण धूर खोलगट जागी साचतो. म्हणजे ज्या जागा आमच्या मुलांना मुक्कामाला सर्वांत सुंदर वाटतात, त्याच या दिवसांत सर्वांत वाईट: सोंडेवरचे गवताळ पठार, नाळेच्या तोंडाशी असलेली सपाटी, झाडीतला निवांत खळगा.

मग निवड कशी करावी? आमच्या मते ठिकाणाला चार प्रश्न विचारावेत. खाली उतरायला एकमेकींपासून दूर अशा दोन वाटा आहेत काय? एप्रिल-मे महिन्यांतही टिकणारे पाणी जवळ आहे काय? मुक्कामाच्या भोवती गवत आहे, की उघडा कातळ, नांगरलेले शेत, गावाचे अंगण? आणि रात्री हाक मारली तर ऐकणारे कुणी आहे काय? राजमाचीचेच पाहा. तेथे उधेवाडीची वस्ती आहे, जवळ तलाव आहे, एक वाट लोणावळ्याकडे जाते तर दुसरी कर्जतच्या बाजूला उतरते. अशा ठिकाणी बालेकिल्ल्यावर तंबू ठोकण्याऐवजी गावातल्या अंगणात पथारी पसरली, तर चांदणे काही कमी पडत नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट मात्र या दिवसांत नकोच. आणि एवढे करूनही मन साशंक असेल, तर समुद्र आहेच की! केळव्याच्या वाळूवर वणवा येत नाही.

निघण्यापूर्वी वनरक्षकाला आणि गावकऱ्यांना विचारावे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगींच्या सूचना देते आणि त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येते. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. दुपारी पेटलेले गवत गावातल्या गुराख्याला आधी दिसते. त्याचा शब्द अखेरचा मानावा. ‘तिकडं जाऊ नका’ असे तो म्हणाला, तर ठिकाण बदलावे, मग गाडीचे पैसे बुडाले तरी चालतील.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की शेकोटीवाचून मुक्काम कसला? राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात, हे विसरता येत नाही. त्याचा दोष आपण सरसकट आदिवासींच्या माथी मारतो. वणवा लागल्यावर हिरव्या फांद्या घेऊन धावतात ते हेच पाड्यांवरचे लोक, आणि सहलीला आलेले आपण तेव्हा घरी परतलेलो असतो! गाणी कंदिलाभोवतीही गाता येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘असे घाबरवत राहिलात, तर मुले घराबाहेर पडणारच नाहीत. थोडे धोके पत्करल्याशिवाय माणूस घडत नाही.’ खरे आहे. पण धोका पत्करणे म्हणजे तो ओळखून स्वीकारणे. जो धोका मुलांना सांगितलाच नाही, तो त्यांनी पत्करलेला नसतो, तो त्यांच्यावर लादलेला असतो. ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर पालकांची सही घेऊन आयोजक सुटत नाही आणि न वाचता सही करून पालकही सुटत नाहीत. मुलांनी कोठे निजावे हे आपण मोठी माणसे ठरवतो. त्या निवडीचा जाबही आपणच द्यायचा आहे.

सह्याद्री कोठे पळून जात नाही. पावसाळा ओसरल्यावर तेच पठार फुलांनी भरलेले असेल, टाकी भरलेली असतील, गवत ओले असेल. तोवर आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत तारीख ठरण्यापूर्वी कुणीतरी उठून विचारावे: ‘दुसरी वाट कोठून आहे?’ उत्तर मिळेपर्यंत पैसे गोळा करू नयेत.