गाजर गवत वळवापासूनच उपटा : कोरडवाहू पट्ट्यातल्या गावकऱ्यांना जाहीर आवाहन



वळवाच्या एक-दोन सरी पडल्या म्हणून कोणी पाभर बाहेर काढत नाही. ओल वरच्यावरच असते आणि दुबार पेरणीची धास्ती सगळ्यांनाच असते. पण बांधावरचं, गायरानातलं, शाळेच्या कुंपणालगतचं गाजर गवत एवढ्या ओलीवरही उगवून येतं. म्हणून यंदा ते उपटायचं काम श्रावणावर ढकलू नका, ही कळकळीची विनंती.

हातमोजा घालून वाळलेल्या झाडाचं एक बोंड चुरून बघा. बी काळं, चपटं, जेमतेम दोन मिलिमीटरचं. दोन्ही अंगांना वाळक्या फुलांचे पापुद्रे चिकटलेले असतात, त्यांच्या जोरावर ते पाण्यावर तरंगत दूर जातं. बी इतकं बारीक, की फुगायला फार पाणी लागत नाही. माती सुकायला लागली तरी त्यातलं काही बी उरलीसुरली ओल ओढून रुजतं. टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पावसाने ती धुऊन निघाली की बी जागं होतं. तेही सगळं एकदम नाही. पहिल्या सरीवर आलेली रोपं उन्हाने करपली, तरी पुढच्या सरीसाठी बी जमिनीत शिल्लक राहतंच. खोल गाडलं गेलेलं बी वर येत नाही, पण ते काही वर्षं जिवंत राहतं आणि नांगरटीत पुन्हा वर येतं.

पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास हे गवत पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत भरलं. आज ते नाही असं गाव सापडणं कठीण.

दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो. त्यात जरूर भाग घ्या. पण उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे झाड फुलतं, म्हणजे वळवावर आलेलं झाड ऑगस्टपर्यंत बी टाकून मोकळं झालेलं असतं. एका झाडाचं बी हजारांनी मोजावं लागतं. पाऊस कमी झाला तर झाड वीतभरच राहतं, तरी फुलतं. त्याला खुरटं समजून सोडू नका. १९८४ पासून भारतात सोडलेले मेक्सिकन भुंगे त्याची पानं खातात, पण त्यांचा जोर पावसाळ्यात. त्याआधीचं काम आपल्यालाच करावं लागेल.

वळीव पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत, जमीन ओली असताना, रोपं मुळासकट उपटा. फुलं आलेली नसतील तर कंपोस्टच्या खड्ड्यात चालतील. फुलावर आलेलं झाड खड्ड्यात नको. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. ज्यांना दमा आहे किंवा या गवताने अंगाला खाज सुटते, त्यांनी लांबच राहावं. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी फेका. टाकळा दाट वाढला की गाजर गवताला वाव उरत नाही.

आपापलं रान प्रत्येक जण सांभाळतोच. प्रश्न आहे तो रस्त्याच्या कडेचा, पाण्याच्या टाकीभोवतीचा, स्मशानभूमीच्या वाटेचा. तिथलंच बी वाहून आपल्या वावरात येतं. या जागांसाठी प्रत्येक घरातून एका माणसाने आठवड्यातली एक सकाळ द्यावी.