डुकरांच्या खाद्यांतील लायसिनाचा प्रश्न

भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांत डुक्कर म्हटलें कीं शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें रानडुक्कर. एका रात्रींत भाताचें खाचर उलथेंपालथें करणारें आणि राखणदाराची झोंप उडविणारें. पाळीव डुकरांचा धंदा या डोंगरी मुलखांत फारसा रुजलेला नाहीं, व तो प्रत्येकानें करावाच असा आमचा आग्रहहि नाहीं. परंतु २०२१-२२ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानांत वराहपालनास भांडवली खर्चाच्या निम्में, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठेवण्यांत आलें आहे. पुणें शहर जवळ आहे, सातारा रस्ता भोर तालुक्यांतून जातो, आणि भाताच्या गिरण्यांतून निघणारा कोंडा व कणी हीं तर घरचींच. अशा स्थितींत कोणी होतकरू तरुण हा धंदा करूं म्हणेल तर त्यास उत्तेजन दिलेंच पाहिजे. पण ज्या ठिकाणीं त्याचा पैसा नकळत गळणार आहे ती जागाहि त्यास आधींच दाखविली पाहिजे. ती जागा म्हणजे खाद्य. या धंद्यांतील एकंदर खर्चाचा सुमारें दोन तृतीयांश भाग खाद्यावरच पडतो, आणि खाद्यांत सर्वांत महाग वस्तु म्हणजे पेंड.

खाद्य विकणारा पोत्यावर प्रथिनाचा आंकडा छापतो, घेणारा तेवढाच वाचतो, आणि अठरा टक्क्यांचें पोतें सोळा टक्क्यांच्या पोत्याहून सरस असें समजून अधिक पैसे मोजतो. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, विक्रीपूर्वीं पुष्ट करावयाच्या डुकराच्या बाबतींत हा आंकडा एकटा वाचणें म्हणजे तोटा विकत घेणें होय. त्या प्रथिनांत लायसिन नांवाचें आम्ल किती आहे हें विचारल्याशिवाय शेतकऱ्यानें पोतें उचलूं नये.

प्रथिनाचा आंकडा तेवढा पाहण्याची संवय आपणांस गाईम्हशींमुळें लागली आहे, व त्या जनावरांपुरती ती मोठीशी चुकीची नाहीं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते हलक्या प्रतीच्या प्रथिनांतून, फार काय युरियांतील नत्रांतूनहि, आपलें शरीर घडवितात आणि पुढें तेंच जनावराच्या उपयोगीं पडतें. डुकराचें पोट माणसाच्या पोटासारखें एककप्पी आहे. त्याला खाद्यांतून जें मिळेल तेंच त्याचें. म्हणून म्हशीच्या अंबोणाचा हिशेब डुकराला जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

प्रथिन ही एकजिनसी वस्तु नव्हे. अमिनो आम्लें नांवाच्या वीस घटकांची ती गुंफण आहे, आणि त्यांपैकीं नऊ-दहा घटक डुकराला स्वतःच्या शरीरांत पुरेसे तयार करतां येत नसल्यामुळें ते खाद्यांतूनच मिळावे लागतात. १९१४ सालीं अमेरिकेंत ऑसबोर्न व मेंडेल या संशोधकांनीं उंदरांस मक्यांतील झेन नांवाच्या प्रथिनावर ठेवून दाखविलें कीं, केवळ त्यावर उंदीर वाढत नाहींत; लायसिन व ट्रिप्टोफॅन हीं दोन आम्लें घातलीं कीं वाढूं लागतात. १९३५ मध्यें रोझ यांनीं थ्रिओनिन या आवश्यक आम्लाचा शोध लावला. आमच्या घरांत मात्र हें ज्ञान प्रयोगशाळेवांचून चालत आलेलें आहे. भातांत लायसिन कमी, डाळींत तें भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, तें भात भरून काढतो. म्हणून भाताला वरणाची आणि नाचणीच्या भाकरीला हुलग्याच्या माडग्याची जोड. एकट्या भातानें पोट भरतें, अंग धरत नाहीं, हें आपल्या आयाबायांस ठाऊक आहे. तेंच डुकरास लागू आहे.

चिखलणीच्या वेळीं जोडींतील एक बैल दुबळा असला तर दुसऱ्याचा जोर कितीहि असो, औत दुबळ्याच्याच चालीनें चालतें. धान्यावर व कोंड्यावर वाढणाऱ्या डुकराच्या खाद्यांत हा दुबळा बैल म्हणजे लायसिन. त्याच्या मागोमाग थ्रिओनिन, मेथिओनिन व ट्रिप्टोफॅन येतात. लायसिन जेथें संपलें तेथें मांस घडण्याचें काम थांबतें, आणि उरलेलीं सारीं आम्लें निरुपयोगी होऊन शरीर तीं जाळून टाकतें. त्यांतील नत्र युरियाच्या रूपानें लघवीवाटे बाहेर पडतें. तें काढून टाकण्यास शक्ति खर्च होते, पाणी अधिक लागतें, अंगांत उष्णता वाढते, आणि चैत्र-वैशाखांत डुक्कर खाणें सोडतें. म्हणजे महागाची पेंड घालून आपण जनावराच्या त्रासांत भर टाकतों.

आतां आंकडे पाहूं. पन्नास किलोपासून विक्रीपर्यंतचा काळ हा पुष्टीचा काळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९८ च्या तक्त्याप्रमाणें ५० ते ८० किलो वजनाच्या डुकरास खाद्यांत ०.७५ टक्के, आणि ८० ते १२० किलोच्या डुकरास ०.६० टक्के लायसिन पुरतें. २०१२ च्या तक्त्यांत जलद मांस धरणाऱ्या जातींसाठीं हीं प्रमाणें कांहींशीं वाढविलेलीं आहेत. लायसिन १०० धरलें तर थ्रिओनिन सुमारें ६५, मेथिओनिन व सिस्टिन मिळून सुमारें ६०, आणि ट्रिप्टोफॅन सुमारें १७ ते १८ असें प्रमाण राखावें लागतें. यालाच आदर्श प्रथिन म्हणतात. ब्रिटनच्या कृषि संशोधन परिषदेनें १९८१ मध्यें ही कल्पना तक्त्यांत आणली.

समजा, आपल्या गिरणीची कणी ६० भाग आणि कोंडा ४० भाग असें मिश्रण घेतलें. सरासरीनें त्यांत प्रथिन दहा टक्क्यांहून थोडें कमी आणि लायसिन सुमारें ०.४० टक्के भरतें. या मिश्रणाच्या ८२ किलोंत १८ किलो भुईमुगाची पेंड घातली तर प्रथिन १६ टक्के होतें, पण लायसिन अवघें ०.६१ टक्के. भुईमुगाऐवजीं तितकीच सोयाबीनची पेंड घातली तर प्रथिन तेंच १६ टक्के, आणि लायसिन मात्र ०.८३ टक्के. पोत्यावर दोन्हींचा आंकडा एकच. पन्नास-साठ किलोच्या डुकराला पहिलें खाद्य अपुरें आणि दुसरें पुरून उरणारें. तिसरा मार्ग असा : तेंच मिश्रण ९० किलो, सोयाबीनची पेंड १० किलो, आणि खाद्यासाठीं मिळणारी लायसिनाची भुकटी २०० ग्रॅम. यांत प्रथिन अवघें १३ टक्के, पण लायसिन सुमारें ०.८० टक्के. थ्रिओनिन येथें जेमतेम पुरतें, हें विसरतां कामा नये. पोत्यावरील आंकड्याप्रमाणें हें खाद्य सर्वांत हलकें ठरेल. डुकराच्या अंगावरील मांसाप्रमाणें तें सोळा टक्क्यांच्या भुईमुगी खाद्यास मागें टाकील, आणि त्यांत पेंड आठ किलोंनीं कमी आहे.

या हिशेबास आणखी एक बाजू आहे. रोज अडीच किलो खाणारें डुक्कर सोळा टक्क्यांच्या खाद्यांतून ६४ ग्रॅम नत्र घेतें, तेरा टक्क्यांच्या खाद्यांतून सुमारें ५३ ग्रॅम. नव्वद दिवसांत दहा डुकरांमागें हा फरक दहा किलो नत्राचा, म्हणजे सुमारें २२ किलो युरियाचा, जवळजवळ अर्ध्या गोणीचा होतो. कोणी म्हणेल, बरें झालें, खत कसदार होईल. परंतु हें जादा नत्र लघवींत जातें आणि त्याचा मोठा भाग अमोनिया होऊन हवेंत उडतो. गोठ्यांत डोळे झोंबतात ते त्यामुळेंच. उरलेलें पावसाबरोबर ओढ्यांत जातें. वेल्ह्यांतील, म्हणजे आतां राजगड नांव मिळालेल्या तालुक्यांतील, पानशेत व वरसगांव धरणांचें पाणी खडकवासल्यास जाऊन पुणेकरांच्या घरीं पोंचतें. भोरच्या भाटघर धरणाचें पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या गांवांस मिळतें. उगमाशीं राहणाऱ्यांवर ही जबाबदारी विशेष आहे. खाद्यांतील प्रथिन एका टक्क्यानें उतरविलें तर बाहेर पडणारें नत्र सुमारें आठ टक्क्यांनीं घटतें.

असो. या मार्गावर घेतले जाणारे आक्षेपहि विचारांत घेतले पाहिजेत. पहिला, हें रसायन आहे. वस्तुतः १९५७ च्या सुमारास जपानांत किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधलेल्या एका जातीच्या जिवाणूंकडून, मळी, साखर किंवा पिष्ट आंबवून, हें आम्ल तयार करण्याची रीत निघाली. पेंडींतील लायसिन व हें लायसिन यांत शरीराला भेद नाहीं. दुसरा आक्षेप, अशा खाद्यावर चरबी चढते. हा अंशतः खरा आहे. नत्र काढण्यांत खर्च होणारी शक्ति वाचली कीं ती चरबीच्या रूपानें सांठूं शकते. म्हणून प्रथिन उतरवितांना कणीसारखें शक्तिदायक धान्यहि थोडें आटोक्यांत ठेवावें. तिसरा, प्रथिन उतरवीत कोठवर जावें? तीन-चार टक्क्यांच्या पलीकडे गेल्यास व्हॅलिन व आयसोल्युसिन हींहि तुटूं लागतात आणि एकट्या लायसिनानें काम भागत नाहीं. लोभ येथें सोडला पाहिजे. चौथा, शंभर किलोंत दोनशें ग्रॅम भुकटी सारखी मिसळणें कठीण. तें खरें; म्हणून ती आधीं पांच किलो कोंड्यांत नीट कालवावी, मग तो कोंडा सर्व खाद्यांत. कोंडाहि ताजाच वापरावा. पावसाळी दमट हवेंत त्यांतील तेल लवकर खवट होतें. सोयाबीन कच्चें घालूं नये, कारण त्यांतील एक द्रव्य प्रथिनाचें पचन अडवितें. आणि फार करपलेली पेंडहि घेऊं नये, कारण अति उष्णतेनें लायसिनच निकामी होतें.

हॉटेलांतील उष्ट्यावर सारा भार टाकण्याचा सल्ला देणारेहि आहेत. त्यांत लायसिन आज एक, उद्यां दुसरें. शिवाय २०२० मध्यें आसाम व अरुणाचलांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथम आढळल्यापासून न उकळलेलें उष्टें घालणें हें सारा कळप पणाला लावणें झालें आहे.

मुख्य अडचण मात्र शेतकऱ्याच्या हातची नाहीं. प्रयोगशाळेंत प्रथिन मोजण्याची रूढ रीत डेन्मार्कच्या केल्डाल यांनीं १८८३ सालीं काढली. तींत नत्र मोजून त्यास सव्वासहांनीं गुणतात. नत्र चांगल्या प्रथिनाचें, हलक्या प्रथिनाचें कीं मिसळलेल्या युरियाचें, हें त्या आंकड्यावरून मुळींच कळत नाहीं. जो आंकडा युरियानेंहि चढतो त्यावर गरिबाची भांडवली ठेव विसंबून राहावी हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. भारतीय मानकांत कोंबडीखाद्यासाठीं लायसिन व मेथिओनिन यांच्या किमान मर्यादा घातलेल्या आहेत. मग डुकरांच्या प्रत्येक पोत्यावर लायसिनाचा आंकडा ठळक छापण्यास कोणती हरकत असावी?

म्हणून आमच्या सूचना अशा. आपल्या संस्थेनें सभासदांकरितां खाद्य वा पेंड एकत्र खरेदी करतांना लायसिनाचा आंकडा लेखी मागावा, आणि जो देणार नाहीं त्याचा माल घेऊं नये. एकट्या शेतकऱ्यास दुकानदार उत्तर देणार नाहीं. शंभर पोत्यांच्या मागणीस देईल. नीरेच्या पलीकडे शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या गिरण्यांतील कणीकोंड्याचें पृथक्करण तेथून करवून घेऊन त्यावर दोन-तीन मिश्रणांचा तक्ता मराठींत तयार करविण्याची विनंती संस्थेनें करावी. अनुदानाचा अर्ज करणाऱ्या तरुणांस गोठ्याच्या नकाशाबरोबर खाद्याचा हिशेबहि शिकविला जावा. आणि ज्यांनीं डुकरें पाळलीं आहेत त्यांनीं दर पंधरवड्यास तीं वजनकांट्यावर घेऊन किती खाद्यामागें किती वजन चढलें हें वहींत टिपावें. पोत्यावरील छापील आंकड्याची खरी परीक्षा त्या वहींतच होते.

अनुदान एकदां मिळतें, खाद्य रोज घालावें लागतें. ज्या धंद्याचा रोजचा खर्च न समजतां तो केवळ अनुदानाकरितां उभारला, तो अनुदानाबरोबरच बसला, असें होऊं द्यावयाचें नसेल तर सभासदांनीं येत्या सर्वसाधारण सभेंत हा विषय अवश्य घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.